तांबडी छत्री

२००४च्या हिवाळ्यात मुक्ताच्या सासूबाई जर्मनीत, ड्रेस्डेनला तिच्याकडे आल्या. समोरच्या जुन्या छत्रीवाल्याच्या इमारतीच्या छपरावरची निऑन दिव्यांची तांबडी छत्री पेटली, की त्या रोज खिडकीशी जाऊन हात जोडायच्या. दिवेलागणीची सवय, दुसरं काय, म्हणून मुक्ता मनातल्या मनात हसायची.

ती इमारत पाडायचं ठरलं तेव्हा छत्री भंगारात जाऊ नये म्हणून मुक्तानेच दारोदार फिरून सह्या गोळा केल्या. आज क्रेनने छत्री अलगद उतरवली आणि काचेची एकही नळी न फुटता ती म्युझियमला रवाना झाली. "वाचवली एकदाची!" म्हणत मुक्ता कोटावरचा बर्फ झटकत घरात शिरली, तर सासूबाई रिकाम्या छपरासमोर हात जोडून उभ्या.

"अहो आई, नेली ती छत्री. आता दिवा कुठाय तिथे?"

"दिव्याला हात कोण जोडतंय? छत्रीखाली तो उभा असतो ना, त्याला. रोज आधी तोच हात हलवायचा. आपण काय नुसतं बघत राहायचं?"

मुक्ताने खिडकीतून पाहिलं. छपरावर बर्फाशिवाय काही नव्हतं.

"आई, तिथे कोणीच नाहीये."

"आता कसा असेल?" सासूबाई पडदा ओढत म्हणाल्या. "डोक्यावरची छत्री काढून नेलीत तुम्ही. बर्फात उभा होता बिचारा, बघवेना मला. खूण करून म्हटलं, ये घरात."

मुक्ता काही बोलणार, तोच मागच्या स्वयंपाकघराची भिंत तांबडी झाली. छत्रीचा उजेड तिथवर कधी पोचलाच नव्हता.