नवीन ॲडमिशन

शशिकलाबाईंच्या डाव्या मनगटावर तीन वळ होते, उजव्या दंडावर दोन आणि कानामागे एक. कानामागचा ताजा होता, आज सकाळचा. ईशाने त्याच्यावर बर्फ धरला.

"चारला गाडी येतेय," जयेश म्हणाला. "केअर सेंटरवाल्यांशी बात झालीय. बाबा आता तिकडेच राहतील."

"मारत नाहीत रे ते," शशिकलाबाई म्हणाल्या. " उठवायला खांद्यावर हात ठेवला, की हात चालतो त्यांचा. जानबूझकर थोडीच?"

"तुझं डोकं फुटल्यावर डॉक्टरला हेच सांगू का आई, जानबूझकर नव्हतं म्हणून?"

शरदराव आतल्या खोलीत खुर्चीवर बसले होते. पलासियाजवळच्या एका हॉलमध्ये त्यांनी तीस वर्षं मुलींना कराटे शिकवलं होतं. कुणी अचानक धरलं तर विचार करायचा नाही, हात आपोआप चालला पाहिजे, म्हणून ते एकेक डाव हजार वेळा करून घेत. स्वतःही करत. आता त्यांना बायको ओळखू येत नव्हती, मुलंही नाहीत. डाव तेवढे शिल्लक होते.

ईशा दहावीपर्यंत त्यांच्याच क्लासला होती. आता ती शरीरशास्त्रात एम.एस्सी. करत होती. "दादा, एक मिनिट," म्हणत ती आत गेली आणि वडिलांच्या समोर उभी राहिली.

"नमस्ते, सर." तिने सरळ त्यांच्या छातीवर ठोसा मारला.

"अगं!" शशिकलाबाई ओरडल्या.

शरदरावांनी बसल्या जागी डाव्या हाताने ठोसा अडवला. उजवी मूठ झेपावली आणि ईशाच्या नाकासमोर थांबली. मग त्यांनी तिचं वाकडं मनगट हळूच धरून सरळ केलं.

"नवीन ॲडमिशन?"

"हो, सर."

"ओळखलं तुला!" शशिकलाबाईंचे डोळे भरून आले.

"नाही ओळखलं, आई. न सांगता हात लागला तर ते त्यांच्यासाठी गुंड. नमस्ते करून समोरून ठोसा आला तर विद्यार्थी. विद्यार्थ्यासमोर मूठ रोखायची, हेही त्यांनी तितक्याच वेळा केलंय."

"मग आई काय रोज त्यांना मारून चहा देणार?" जयेश चिडला. "हद करतेस यार तू."

शशिकलाबाईंनी कानामागचा बर्फ काढून ठेवला. त्या हॉलच्या आत त्या कधी गेल्या नव्हत्या. डबा द्यायच्या तोही दारातून.

"मला यांनी कधी शिकवलंच नाही," त्या म्हणाल्या. "तू शिकव."

जयेशने फोन करून गाडी उद्यावर ढकलली. "बस एक दिवस," तो म्हणाला. संध्याकाळभर स्वयंपाकघरातून ईशाचा आवाज येत होता. "अंगठा बाहेर, आई. बाहेर! आणि डोळे मिटायचे नाहीत."

सकाळी शशिकलाबाईंनी दारातूनच हाका मारल्या. शरदराव जागे झाले, पलंगाच्या कडेवर उठून बसले आणि अनोळखी नजरेने त्यांच्याकडे पाहत राहिले. जयेश हातात फोन घेऊन उंबऱ्यात उभा होता. शशिकलाबाईंनी चहा स्टुलावर ठेवला, पदर खोचला आणि नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"नमस्ते, सर," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी ठोसा मारला.

शरदरावांची मूठ त्यांच्या नाकापासून दोन सेंटिमीटरवर थांबली.