सकाळचा ग्लास

यशराजची प्रतिकारशक्ती जन्मापासूनच कमी, त्यात आतड्यांना सूज. या वर्षात तो चौथ्यांदा ॲडमिट झाला होता.

"बाहेरचं काही खाल्लं का?" डॉक्टरांनी दमल्या आवाजात विचारलं.

"न्हाय साहेब," त्याचे वडील कृष्णात म्हणाले. "घरच्या म्हशीचं धारोष्ण दूध तेवढं. ताकद यावी म्हणून रोज सकाळी मीच धार काढून ग्लास हातात देतोय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कच्च्या दुधातले जंतू याला झेपत नाहीत. पहिल्या वेळी ॲडमिट झाला, तुम्ही औषधं आणायला गेला होतात, तेव्हाच मी याला सांगितलं होतं."

डॉक्टर गेल्यावर कृष्णात स्टूल ओढून खाटेजवळ बसले.

"ठावं हुतं, तर पीत का हुतास?"

यशराज हळूच कुशीवर वळला.

"आबा, माज्यासाठी तुमास्नी करण्याजोगं तेवढंच उरलं हुतं की."