इंदू परातेंची परवानगी

प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत घरची बोली चुकूनही तोंडातून निघू द्यायची नाही, असं कुमुद हेडाऊनं महालातल्या घरातून निघतानाच ठरवलं होतं. पण प्राचार्यांनी संत्र्यावरच्या डिंक्या रोगाचे दोन शोधनिबंध तिच्यासमोर टेबलावर आपटले.

"बाई, हा तुमचा. आणि हा कुमारी इंदू पराते यांचा, अडुसष्ट सालचा. आकृत्या त्याच, निरीक्षणं तीच! ही सरळसरळ चोरी आहे. त्यांची परवानगी घेतली होती का? बोला न!"

समितीतले सगळे तिच्याकडे रोखून पाहत होते.



"इंदू पराते मीच आहो, सर. लग्नात तांदळाच्या ताटात माहं नाव बदलवलं, तवा माही परवानगी कोणी घेतली होती?"