मोहरीएवढं

नर्सबाईंनी मास्तरांच्या हातात बोटभर उंचीची बाटली दिली. "खाली लॅबमध्ये नेऊन द्या. सांडू नका."

बाटलीतल्या औषधात तळाशी एक पांढरट कण होता. तासाभरापूर्वी तो त्यांच्या बायकोच्या गळ्यात होता. बसस्थानकावर दिवसभर गाड्या पुकारणारा तिचा आवाज तीन महिने फाटला होता, तो याच्यामुळे. "मोहरीएवढं तर आहे," डॉक्टर म्हणाले होते. "वाईट काही नाही ना, एवढं बघून घेऊ."

मास्तर जिना उतरू लागले. वर्गात ते मिठाचा खडा मुलांच्या तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "याला लहान म्हणायचं नाही." मग फळाभर शून्यं काढायचे. मुलं आ वासायची, मास्तरांना मजा यायची. आज ती शून्यं आपोआप मांडली जात होती, थांबवता येत नव्हती. कण पाच मिलिग्रॅमचा धरला तरी पाचावर वीस शून्यं, इतके अणू. सेकंदाला एक मोजत बसलं तर विश्वाचं वय हजारदा संपेल. त्यातलं वाकडं काय, ते कोण आणि कसं शोधणार?

लॅबमधल्या माणसाने बाटली उजेडात धरली, चिठ्ठी चिकटवली. "आठवड्याने या."

"आधी नाही का होणार?"

"रांग आहे, सर. आणि तुमचा तुकडा तर एवढासाच."

"एवढासा नाहीये तो."

त्या माणसाने मान वर करून पाहिलं. मास्तर ओशाळून निघाले आणि परत येताना दोनदा भलत्याच मजल्यावर गेले.

बायकोला पंधरा दिवस बोलायची बंदी होती. उशाशी वही आणि पेन. मास्तरांनी पडदा सरकवला, पुन्हा लावला, खाटेभोवती येरझारा घातल्या. तिने पेनाने खाटेची दांडी वाजवली आणि वही दाखवली: "किती आला आकडा?"

त्यांनी सांगितला.

तिने शून्यं मोजून तो लिहून काढला. खाली लिहिलं, "आणि माझा?"

"तुझा?" मास्तर थबकले. "पन्नास किलो धर. पाचावर सत्तावीस."

तिने नवं पान घेतलं. मोठा आकडा वर, लहान खाली, उजवीकडून शून्याखाली शून्य. मग जीभ दाताखाली धरून, हातचे घेत वजाबाकी करू लागली. बराच वेळ लागला. शेवटी वही त्यांच्याकडे वळवली. आधी चार, मग सहा वेळा नऊ, मग पाच, आणि पुढे ओळ संपेपर्यंत शून्यं.

खाली लिहिलं होतं: "बाकी बघा केवढी उरली. आता बसा."

मास्तर खाटेच्या कडेला टेकले. त्यांचा गुडघा हलतच राहिला. तिने त्यावर वही ठेवली, आणि वहीवर आपला हात.