नव्या दुकानाची दृष्ट

मदुरैतल्या नव्या साडीदुकानाच्या दारात मालकांनी, आमच्या अण्णाच्चींनी, यालिनीअक्काच्या हातात कोहळा देऊन वर कापूर पेटवला. “तुम्हा तृतीयपंथीयांनी दृष्ट काढली की भरभराट होते. ओवाळ, मग फोड!” जुन्या दुकानाचा धंदा तिनेच वाढवला, इथली मॅनेजरकी तिलाच कबूल केली होती. तिने आत डोकावलं. तिच्या खुर्चीत तिनेच काम शिकवलेला दुरैराज हार घालून बसला होता. “अण्णाच्ची, हे काय?” “गल्ल्यावर तू दिसलीस तर गिऱ्हाइकं आत येतील का गं? तुझा हात शुभ, दारातच शोभतो.” “म्हणजे हात चालतो, चेहरा नाही?” आम्ही बाकीच्या नोकरांनी खाली पाहिलं. अक्काने फुंकर मारून कापूर विझवला आणि कोहळा अण्णाच्चींच्या पोटाशी ढकलला. ते पांढरेफटक पडले. “अगं, मुहूर्तावर शाप नको देऊस!” “शाप द्यायला मी काय देवी? नोकरी करत होते इथे. राजीनामा देतेय.”