सातवं नाव

योकास्ताला पंधरा वर्षं पूर्ण झाली, ते १९८६ साल. तिच्या वाढदिवसाच्या समारंभाच्या झग्यातून उरलेलं निळं साटीन स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर पडलं होतं, आणि टेबलाभोवती सात पोरं आईनं केलेला सान्कोचोचा रस्सा ओरपत भांडत होती. अमेरिकेतल्या त्यांच्या कॉलेजात गोऱ्या पोरांच्या बंधुमंडळांनी या कॅरिबियन पोरांना दारातूनच परत पाठवलं होतं. म्हणून ही पोरं स्वतःचं मंडळ काढत होती, आणि झेंड्याचा रंग ठरत नव्हता.

"हा घ्या," योकास्ताचा भाऊ आन्सेल्मो म्हणाला आणि त्यानं ते साटीन टेबलावर टाकलं. "फुकटचा आहे."

"माझ्या झग्याचं कापड!" योकास्ता ओरडली. "मग मीपण सभासद."

"तू भांडी घास."

"तूच घास, संस्थापकसाहेब!"

सगळे हसले. झेंडा निळा झाला. हजेरीचा नियमही त्याच दुपारी आन्सेल्मोनं केला. प्रत्येक सभेत संस्थापकांची नावं वयाच्या क्रमानं घ्यायची. ज्याचं नाव येईल त्यानं उभं राहून "हजर" म्हणायचं. एखादा मेला, तरी त्याचं नाव गाळायचं नाही. त्याच्या नावाला सगळ्यांनी मिळून ओ द्यायची. वयानं सर्वांत धाकटा म्हणून आन्सेल्मोचं नाव सातवं आलं.

दीड वर्षानं बापाचा हात रंगाच्या कारखान्यात यंत्राच्या रुळाखाली सापडला. घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. आन्सेल्मोनं कॉलेज सोडलं आणि तो बापाच्या जागेवर उभा राहायला निघाला. १४ मार्च १९८८ च्या सकाळी त्याची बॅग बसपर्यंत त्या सातांतल्या ओस्वाल्दो पिचार्दोनं वाहिली. दोघं एकाच खोलीत राहत, एकमेकांचे शर्ट घालत.

"पदवी घे नाहीतर नको घेऊस," ओस्वाल्दो त्याला मिठी मारून म्हणाला. "यादीतलं तुझं नाव मी कुणाला पुसू देणार नाही. आईची शपथ."

त्या शपथेवर आन्सेल्मो अठ्ठावीस वर्षं विसंबून राहिला. एका कॉलेजातलं मंडळ तीन कॉलेजांत गेलं, मग अकरा, मग चाळीस. ओस्वाल्दो वकील झाला, मग साऱ्या मंडळाचा अध्यक्ष झाला. पहिली काही वर्षं नाताळच्या पत्रांना त्याची उत्तरं यायची. पुढं ती थांबली. मोठा माणूस, वेळ नसेल, असं आन्सेल्मो म्हणायचा. नवी पोरं म्हणे झेंड्याचा निळा म्हणजे कॅरिबियन समुद्र असं पाठ करतात. हे ऐकून योकास्ता पोट धरून हसली. "माझा झगा समुद्र झाला रे!"

आन्सेल्मोला त्या मंडळाकडून एकच गोष्ट हवी होती. एकदा, भरल्या सभेत, आपल्या नावाला ओ द्यायची होती.

मंडळाच्या तिसाव्या वर्षी आईच्या जुन्या पत्त्यावर सभेचं आमंत्रण आलं. पाकिटावर लिहिलं होतं, 'आन्सेल्मो तावारेझ यांच्या कुटुंबास.'

"बघ," तो बहिणीला म्हणाला, "सगळ्या घराला बोलावलंय."

त्या दिवशी दाढी करताना तो आरशात दोनदा "हजर" म्हणाला. योकास्तानं दाराबाहेरून ऐकलं, पण चिडवलं नाही.

भर दुपारची वेळ. सभागृहात सहाशे माणसं होती, सगळ्यांच्या गळ्यात निळा पट्टा. दारातल्या पोरानं आमंत्रण वाचलं, दोघांच्या छातीवर पांढरं फूल लावलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही आलात, फार बरं वाटलं." त्यानं दोघांना पहिल्या रांगेत बसवलं आणि हातात एकेक पुस्तिका दिली.

"मान बघ मान!" योकास्तानं त्याला कोपर मारलं.

मंचावर ओस्वाल्दो होता. केस पिकलेले, पण उभं राहण्याची ढब तीच. समोरचा कागद पाहत त्यानं हजेरी सुरू केली. तिघांची नावं झाली. प्रत्येक जण उभा राहिला, "हजर" म्हणाला. चौथा उर्बानो. तो मधुमेहानं गेला होता. सहाशे जणांनी माना खाली घातल्या आणि एका आवाजात ओ दिली. आन्सेल्मोनंही दिली. त्याचे डोळे भरून आले. आपला नियम पोरांनी राखला होता. पाचवा झाला. सहावं नाव ओस्वाल्दोचं स्वतःचं होतं.

"आन्सेल्मो तावारेझ."

तो उभा राहिला. त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात सहाशे माना खाली गेल्या.

"हजर!"

त्याचा आवाज सहाशे जणांच्या आवाजात बुडाला. ओस्वाल्दोनं कागदावरून नजर उचलली आणि त्याला पाहिलं.

जेवणासाठी लोक उठले, तसा ओस्वाल्दो खाली आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुला कुणी बोलावलं?"

"भुताला आमंत्रण लागत नाही!" योकास्ता म्हणाली.

"हळू बोल, बाई." ओस्वाल्दो आन्सेल्मोकडे वळला. "नियम झाला रे. पदवी नाही त्याचं नाव संस्थापकांत नको, असं ठरलं. सगळे तुला पुसायलाच निघाले होते. मी तुझ्यापुढं शपथ घेतली होती ना? मेलेल्याची पदवी कुणी विचारत नाही, भाऊ."

ओस्वाल्दोनं त्याचा दंड धरला. "आता काही बोलू नकोस. ही पोरं तुझ्या नावानं रडतात."

"मी कधी गेलो?"

ओस्वाल्दोनं दंड सोडला. त्याची नजर बुटांवर गेली.

आन्सेल्मोनं हातातली पुस्तिका उघडली. चौथ्या पानावर आईचं स्वयंपाकघर होतं आणि वीस वर्षांचा तो, तोंडात घास असतानाच हसणारा. खाली दोन ओळी होत्या. त्यानं त्या बोट ठेवून वाचल्या.

'आन्सेल्मो तावारेझ, संस्थापक.
१४ मार्च १९८८ रोजी निधन.'