बदली खेळाडू

डेल्बर्टनं जर्सीची घडी करून पिशवीत घातली आणि कपडे बदलायच्या खोलीचं दार ढकललं. जर्सी परत करायची आणि सरळ घर गाठायचं, असं ठरवून तो आला होता.

आदल्या दिवशी संपावरच्या खेळाडूंनी, त्यांच्या जागी मालकांनी आणलेल्या बदली खेळाडूंची बस फाटकापाशी अडवली होती. बाकीचे शिव्या देत होते, अंडी फेकत होते. कॅप्टन ल्यूशस बॅरो मात्र डेल्बर्टच्या खिडकीशी येऊन हळू आवाजात बोलला होता. उन्हाळ्यात संघानं तुला काढलं तेव्हा तुझ्या बाजूनं मीच भांडलो होतो, म्हणाला. तुम्हीच आमच्या जागी उभे राहिलात तर मालक आम्हाला कशाला भीक घालतील, असंही त्यानं विचारलं. बिअरचा ट्रक चालवणाऱ्या डेल्बर्टला मैदानात उतरायची ही शेवटचीच संधी होती. तरी रात्रभर तळमळून सकाळी त्याचा निर्णय झाला.

आत बाकावर बसून कॅप्टन बॅरो बुटाच्या नाड्या बांधत होता.

हा इथंही समजूत घालायला आलाय, असं डेल्बर्टला क्षणभर वाटलं. मग त्याच्या अंगातली जर्सी दिसली.

"कॅप्टन, मी तर तुमच्या शब्दाखातर सोडून चाललोय."

बॅरोनं वर पाहिलं नाही. "पस्तिशी उलटली माझी. पुढच्या वर्षी कोण उभं करणार मला?" बांधलेली गाठ त्यानं सोडली, पुन्हा बांधली. "आणि तू कशाला जातोस? रविवारच्या सामन्यात माझ्या शेजारी कुणीतरी लागेलच की."

डेल्बर्टनं पिशवी तिथंच बाकावर ठेवली आणि तो बाहेर पडला. मैदान कसं ओलांडलं, ते त्याचं त्याला कळलं नाही.

त्याला फाटकातून चालत येताना पाहून संपकरी गप्प झाले. मग एकानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. काल त्याच्यावर अंडं फेकणाऱ्या दांडग्या मूडीनं त्याला मिठीच मारली आणि हातात गरम कॉफी दिली. बॅरो मागच्या दारानं आत गेलाय, हे यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

"रांगेच्या त्या टोकाला थांब," मूडी म्हणाला. "कॅप्टनची जागा आहे ती. आज उशीर झालाय बिचाऱ्याला. तो येईपर्यंत तू उभा राहा."

डेल्बर्टनं तोंड उघडलं. आत सरावाची शिट्टी वाजली.

तो गेला आणि कॅप्टनच्या जागी उभा राहिला.